धडधाकट कोंबडी का मारली?

खडवली स्टेशनावर उतरून भातसा नदीकडे गेले, तर हिवाळ्यातल्या सकाळी उथळ पाण्यात बगळे उभे दिसतात. काठावरच्या घरांतील कोंबड्या त्याच ओल्या मातीत चोच मारत असतात आणि कावळे दोन्हीकडे हिंडत असतात. रानपक्षी आणि पाळीव पक्षी यांच्यामध्ये आपण पुस्तकात जी रेघ ओढतो, ती येथे कोठेच नसते. विषाणूच्या दृष्टीनेही ती नसते.

खडवलीनंतरचे वाशिंद स्टेशन शहापूर तालुक्यात येते. याच तालुक्यातील वेहळोली गावी फेब्रुवारी २०२२ मध्ये एका कुक्कुटपालन केंद्रातील सुमारे शंभर कोंबड्या मेल्या. तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू आढळला आणि भोवतालच्या सुमारे २५ हजार कोंबड्या मारण्याचा निर्णय प्रशासनाला घ्यावा लागला. अशा वेळी मुले विचारतात, ‘आमची कोंबडी तर धडधाकट होती, मग तिला का मारले?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण विषाणूच्या मूळ घरी जाऊ.

फ्लूच्या या विषाणूंचे मूळ घर म्हणजे रानबदकांसारखे पाणपक्षी. त्यांच्या आतड्यात सौम्य विषाणू वाढतो. पक्षी बहुधा आजारी पडत नाही; पण विष्ठेतून विषाणू पाण्यात उतरतो आणि थंड पाण्यात अनेक दिवस टिकतो. यजमानाला चटकन मारून टाकणे रानात विषाणूला परवडत नाही, कारण मेलेले बदक उडून दुसऱ्या तळ्यावर जात नाही.

हाच सौम्य विषाणू कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरला, की हिशेब बदलतो. तेथे एकाच जातीच्या, एकाच वयाच्या हजारो कोंबड्या एकमेकींना खेटून असतात. एक मेली तरी पुढची वीतभर अंतरावर तयारच! विषाणूची आनुवंशिक माहिती आरएनएच्या आठ तुकड्यांत असते. तिच्या नकला होताना चुका होतात आणि त्या दुरुस्त करण्याची सोय विषाणूजवळ नाही. त्यातली एखादी चूक घातक ठरते. विषाणूच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन विकरांनी कापले गेल्याशिवाय विषाणू पेशीत शिरू शकत नाही. सौम्य विषाणूचे प्रथिन कापणारी विकरे फक्त श्वसनमार्गात व आतड्यात असतात. कापण्याच्या जागी बदल झाला, तर जवळजवळ प्रत्येक अवयवातील विकरे ते काम करू लागतात. मग रोग मेंदूपासून हृदयापर्यंत पसरतो.

आजच्या एच५एन१चा माग आपल्याला १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील पाळीव हंसांपर्यंत नेतो. २००५ मध्ये चीनमधील चिंगहाई सरोवरावर हजारो रानपक्षी मेले. म्हणजे रानातून आलेला सौम्य विषाणू खुराड्यात घातक झाला आणि परत रानात गेला. भारतात तो फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे प्रथम आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी कोंबड्या मेल्या. त्याच महिन्यात मुंबई, ठाणे, दापोली, बीड येथील मेलेल्या कावळ्यांतही बर्ड फ्लू आढळला. डिसेंबर २०२४ मध्ये तर नागपूरजवळच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ने दगावले. असे २००४ मध्ये थायलंडमध्येही घडले होते. तेथील व्याघ्रसंग्रहालयात वाघांना कच्च्या कोंबड्या खायला दिल्या जात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लागण झालेली कोंबडी आजारी दिसण्यापूर्वीच विषाणू बाहेर टाकू लागते. धडधाकट दिसणारी निरोगी असेलच असे नाही. शहापूरच्या रानात वणवा आवरायला आपण पुढचे गवत स्वतःच काढून पट्टा मोकळा करतो. बाधित जागेभोवती एक किलोमीटरच्या आतील कोंबड्या मारतात, तो असाच पट्टा. सरकार भरपाई देते. पण मुलाने पाळलेल्या कोंबडीची भरपाई होत नाही, हेही शिक्षकांनी मान्य करावे.

म्हणून वेळ तेथवर येऊच नये हे बरे. त्यासाठी बगळ्यांची झाडे तोडून उपयोग नाही. दोन जगांच्या भेटीच्या जागा कमी करायच्या. कोंबड्यांचे दाणापाणी झाकलेले असावे. शेडमध्ये वेगळी पादत्राणे वापरावीत, कारण विष्ठा आपल्याच पायांनी आत येते. मेलेली कोंबडी नदीत किंवा उघड्यावर टाकू नये. पक्षी एकाएकी मरू लागले, तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. माणसाला हा रोग क्वचित होतो, पण जगात नोंदलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे दगावले आहेत. मांस व अंडी पूर्ण शिजवली, म्हणजे आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान गेले, तर विषाणू नष्ट होतो.

वर्गासाठी एक काम सुचवतो. मुलांनी आठवडाभर, दुरूनच, आपल्या गावात रानपक्षी आणि कोंबड्या कोठे कोठे एकत्र येतात याची नोंद करावी आणि गावाच्या नकाशावर त्या जागा दाखवाव्यात. त्यांपैकी कोणती जागा आपल्याला उद्याच झाकता येईल, ते मुलेच ठरवतील.