जुने ग्राफिक्स कार्ड घेताना

चाकणच्या बैलबाजारात जुना बैल घ्यायला गेलेला शेतकरी बैलाच्या रंगावर भुलत नाही. तो बैलाचा जबडा उघडून दात पाहतो, त्यावरून वय ताडतो, चार पावले चालवून पाहतो आणि मग विचारतो, "काही खोड नाही ना?" उत्तर अर्थातच 'नाही' असे येते. त्यावर विश्वास न ठेवता तो पुन्हा एकदा बैल चालवून पाहतो.

हे सारे मला लहानपणापासून ठाऊक होते. तरीही २०२३ साली मी जुनी ग्राफिक्स कार्डे घ्यायला गेलो, तेव्हा दात न पाहताच पैसे देऊन आलो! पैसे माझे नव्हते. आमच्या भौतिकशास्त्र विभागातून शिकून गेलेल्या मुलांनी प्रयोगशाळेसाठी ते वर्गणी काढून जमवले होते. म्हणून ती चूक आजही बोचते, आणि म्हणूनच हा लेख.

आमचे सुदुंबरे हे संत संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचे गाव. गावापासून थोड्याच अंतरावर चाकणची औद्योगिक वसाहत सुरू होते. मोटारींच्या सुट्या भागांचे आराखडे तिथे संगणकावर काढले जातात. अशा कामाच्या भक्कम संगणकाला 'वर्कस्टेशन' म्हणतात आणि त्यात व्यावसायिक प्रकारचे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असते. काही वर्षांनी कारखाने आणि कचेऱ्या हे संगणक बदलतात. मग जुनी कार्डे पुण्याच्या बुधवार पेठेत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि अशाच इतर बाजारांत येतात. नवी असताना आपल्याला न परवडणारी वस्तू अशी आवाक्यात येते. शाळेला किंवा विज्ञान मंडळाला ही मोठीच संधी आहे, पण ती डोळे उघडे ठेवून साधली पाहिजे.

पण आधी हे कार्ड करते काय ते पाहू. तुमच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके आहेत असे समजा. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला ६० वेळा ठरवायचा, म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाख वेळा तेच ते छोटे गणित करायचे. संगणकाचा मुख्य प्रक्रियक हुशार खरा, पण त्याचे हात मोजके. ग्राफिक्स कार्डात मात्र शेकडो किंवा हजारो साधे गणक एकाच वेळी राबतात. भातलावणीला एक पहिलवान उपयोगी की पन्नास माणसे, असा हा प्रश्न आहे. आणि मावळात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही!

ही फौज चित्राखेरीज इतर गणितालाही लावता येते. समजा, ५,००० तारे एकमेकांना गुरुत्वाकर्षणाने ओढत आहेत. त्यांच्या जोड्या होतात १,२४,९७,५००. प्रत्येक जोडीसाठी न्यूटनचे सूत्र वापरायचे आणि तारे किंचित सरकले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. आमच्या विद्यार्थ्यांना नेमके हेच करायचे होते.

असे गणित खऱ्याखुऱ्या खगोलशास्त्रात कसे वापरतात, हे पाहायला परदेशी जाण्याचे कारण नाही. सुदुंबऱ्याहून चाकणला जाऊन नाशिकच्या रस्त्याने नारायणगाव गाठले की जवळच खोडद आहे. तिथली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची बनलेली आहे. ३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडीतील संकेतांची तुलना अखंड चालू ठेवावी लागते. दुर्बिणीच्या सुधारित यंत्रणेत हे काम लिनक्सवर चालणारे संगणक आणि त्यांत बसवलेली ग्राफिक्स कार्डे करतात. पडद्यावरचे खेळ दाखवण्यासाठी जन्मलेली वस्तू आकाशगंगांचा वेध घ्यायला लागली, आहे की नाही गंमत?

आता माझ्या फजितीकडे वळू. दुकानदाराने माझ्यापुढे दोन कार्डे ठेवली. एकावर 'क्वाड्रो के-४०००' असे नाव होते आणि दुसऱ्यावर 'क्वाड्रो पी-२०००'. भाव जवळजवळ सारखाच होता. मी विचार केला, चार हजार हे दोन हजारांच्या दुप्पट! मी के-४००० ची दोन कार्डे उचलली. भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस एकक न पाहता आकड्यांची तुलना करतो, याला काय म्हणावे?

कारण या नावात आकडा महत्त्वाचा नसून अक्षर महत्त्वाचे असते. अक्षर सांगते पिढी, म्हणजे बैलाचे दात. एनव्हिडिया कंपनीने '४०००' हा आकडा पुन्हा पुन्हा वापरला आहे. नुसते 'क्वाड्रो ४०००' २०१० सालचे, फर्मी पिढीतले. के-४००० २०१३ चे, केप्लर पिढीतले. एम-४००० २०१५ चे, मॅक्सवेल. पी-४००० २०१७ चे, पास्कल. आरटीएक्स ४००० २०१८ चे, ट्युरिंग. आरटीएक्स ए-४००० २०२१ चे, अँपिअर. त्यानंतर २०२३ मध्ये एडा पिढीचे आरटीएक्स ४००० आले. पहिल्यात स्मृती २ गिगाबाइट, शेवटच्यात २०! (पिढ्यांना शास्त्रज्ञांची आणि गणितज्ञांची नावे दिली आहेत हे तुमच्या लक्षात आले असेलच. एडा म्हणजे एडा लवलेस.) यातही एक मेख आहे. के-६२० आणि के-२२०० या कार्डांच्या नावात 'के' असला तरी ती केप्लर नाहीत, मॅक्सवेल पिढीतली आहेत. म्हणून नुसत्या अक्षरावरही विसंबू नये. घेण्यापूर्वी त्या कार्डाचे कंपनीने दिलेले माहितीपत्रक पाहावे.

पिढीला इतके महत्त्व का? कार्डातील तांबे-सिलिकॉन दहा-बारा वर्षांत सहसा झिजून जात नाही. अडचण येते ती ड्रायव्हरची. ड्रायव्हर म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली आणि कार्ड यांच्यामधला दुभाष्या. लिनस टोर्व्हाल्ड्स याने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सचा गाभा दर दोन-अडीच महिन्यांनी नव्या रूपात येतो. दुभाष्यालाही त्याबरोबर आपली भाषा सुधारावी लागते. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर बराच काळ पूर्णपणे बंदिस्त होता. तो सुधारणे फक्त कंपनीच्याच हाती, आणि काही वर्षांनी कंपनी जुन्या पिढ्यांना रामराम ठोकते. केप्लर पिढीला चालवणारी ड्रायव्हरची अखेरची मालिका ४७० क्रमांकाची. तिची देखभालही २०२४ मध्ये थांबली. याच बंदिस्तपणावरून २०१२ साली खुद्द टोर्व्हाल्ड्सने फिनलंडमधील एका सभेत कंपनीला जाहीरपणे असे काही सुनावले, की ते शब्द या मासिकात छापता येणार नाहीत!

आमची गत काय झाली? कार्ड बसवले, लिनक्स सुरू केले, पडद्यावर स्वच्छ चित्र उमटले. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या. ते चित्र 'नूव्हो' नावाच्या, स्वयंसेवकांनी खटपटीने तयार केलेल्या मुक्त ड्रायव्हरमुळे दिसत होते. पण ताऱ्यांचे गणित त्याच्याकडून होईना. त्यासाठी एनव्हिडियाची 'कूडा' ही प्रणाली हवी, आणि २०२० साली आलेल्या कूडाच्या अकराव्या आवृत्तीपासून के-४००० मधील प्रक्रियक वगळला आहे. आमची आज्ञावली त्यापुढच्या आवृत्तीची होती. जुनी कार्यप्रणाली, जुना ड्रायव्हर, जुनी कूडा अशी जुळवाजुळव करता आली असती. पण मग नव्या आज्ञावल्या शिकण्याचा हेतूच बाजूला राहिला असता.

तेव्हा पहिला प्रश्न 'किती वेगवान?' हा नव्हे. 'माझ्या कामाला लागणारा ड्रायव्हर आज आहे का, आणि अजून किती वर्षे राहील?' हा पहिला प्रश्न. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांना चालवणारी अखेरची मालिका ५८० क्रमांकाची आहे. २०२५ साली आलेल्या कूडाच्या तेराव्या आवृत्तीने त्यांनाही वगळले. म्हणजे त्या दिवशी मी पी-२००० घेतले असते, तर काही वर्षे सुखात गेली असती. आज मात्र तेही उतरणीला लागले आहे. ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांसाठी कंपनीने २०२२ पासून ड्रायव्हरचा गाभ्यात बसणारा भाग खुला केला आहे, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.

नुसते चित्र हवे असेल, दोन-तीन पडदे जोडून आराखडे काढायचे असतील, तर एएमडी कंपनीची रेडिऑन प्रो कार्डे मला अधिक बिनधोक वाटतात. त्यांचा 'एएमडीजीपीयू' हा ड्रायव्हर २०१५ पासून लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. तो वेगळा शोधत फिरावे लागत नाही. पण गणनेसाठी त्या कंपनीची जी प्रणाली आहे, तिच्या अधिकृत यादीत डब्ल्यूएक्स-४१०० सारखी जुनी पोलॅरिस पिढीची कार्डे आता नाहीत. थोडक्यात, काम आधी ठरवा.

'व्यावसायिक' या शब्दालाही फार भुलू नये. पी-२००० मध्ये जी चिप आहे, तीच खेळांसाठीच्या जीटीएक्स १०६० मध्ये आहे. टी-१००० ची चिप जीटीएक्स १६५० मध्ये सापडते. फरक असतो तो आराखड्यांच्या आज्ञावल्यांसाठी तपासून घेतलेल्या ड्रायव्हरमध्ये, कमी विजेत चालण्यात आणि आटोपशीर बांधणीत. व्यावसायिक म्हणजे दुहेरी अचूकतेच्या गणितात तरबेज, असाही एक समज आहे. वरच्या थरातल्या मोजक्या कार्डांबाबत तो खरा आहे. पी-२००० किंवा टी-१००० मध्ये मात्र दुहेरी अचूकतेचा वेग एकेरीच्या अवघा बत्तिसावा हिस्सा असतो.

विजेचा हिशेब सोपा आहे. कार्ड ज्या खाचेत बसते, ती जास्तीत जास्त ७५ वॅट देते. टी-१००० ला ५० वॅट लागतात, पी-२००० ला ७५. दोन्ही खाचेवरच भागवतात. पी-४००० ला १०५ वॅट लागतात, म्हणून त्याला वीजपुरवठ्याच्या पेटीतून वेगळी सहा टाचण्यांची जोडणी द्यावी लागते. कचेरीतल्या जुन्या संगणकात ती बहुधा नसतेच. संगणकाची पेटी बुटकी असेल तर पूर्ण उंचीचे पी-२००० आत मावणारच नाही. टी-१००० अर्ध्या उंचीचे असल्याने मावते. त्याला मिनी डिस्प्लेपोर्टची छोटी तोंडे असतात. ती पडद्याला जोडणारे दुवे जुन्या मालाबरोबर हमखास गहाळ असतात. ते आधीच मागून घ्यावेत, नाहीतर घरी येऊन कार्ड हातात धरून बसावे लागते.

या वर्षी विद्यार्थ्यांनी पुन्हा पैसे जमवले आणि मला फक्त सोबत नेले. निवड त्यांनीच केली: ट्युरिंग पिढीचे टी-१०००, ८ गिगाबाइट स्मृतीचे. एका मुलीने लिनक्स भरलेली पेनड्राइव्ह नेली होती. दुकानातल्याच संगणकात कार्ड बसवून तिने 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली. प्रत्येक कार्ड आपल्या कंपनीची आणि जातीची खूण सांगते. एनव्हिडियाची खूण '१०डीई', एएमडीची '१००२'. वरच्या चिकटपट्टीवर काहीही छापता येते, म्हणून ही खूण, ड्रायव्हरने सांगितलेले नाव आणि स्मृतीचा आकडा हे तिन्ही जुळले पाहिजेत.

मग बैल चालवून पाहण्याची पाळी आली. कार्डाला पूर्ण भाराचे काम लावून त्यांनी दर तीन मिनिटांनी तापमान टिपले. दुकानदार थोडा कुरकुरला, पण मुले हटली नाहीत. पहिल्या कार्डाचे तापमान वाढत वाढत नव्वदीपार गेले आणि वेग आपोआप घसरू लागला. दुसऱ्याने ३४ अंशांवरून सुरुवात केली. पुढे ५४, ६४, ६९, मग साधारण ७२, ७३ आणि अखेर ७४ वर ते स्थिरावले. हे आकडे नीट पाहा. ७४ पर्यंतचे उरलेले अंतर आधी ४० होते, मग २०, मग १०, मग ५. दर तीन मिनिटांना निम्मे! कार्डात तयार होणारी उष्णता ठरावीक असते. तापमान वाढेल तशी हवेत जाणारी उष्णता वाढते, आणि दोन्ही सारख्या झाल्या की आलेख सपाट होतो. पहिल्या कार्डाचा आलेख सपाट होत नव्हता, म्हणजे चिप आणि धातूच्या पंख्यांमधला उष्णतावाहक लेप वाळला असावा किंवा धूळ साचली असावी. लेप बदलून ते कदाचित सुधारलेही असते, पण मुलांनी वहीतला आलेख दुकानदाराला दाखवला आणि दुसरे कार्ड उचलले.

ते कार्ड आता प्रयोगशाळेत ५,००० ताऱ्यांना फिरवत असते. माझ्या दोन के-४००० पैकी एक उघडून टेबलावर ठेवले आहे. मुले त्याचा लेप, पंखा आणि स्मृतीच्या चिपा पाहतात. दुसरे एका जुन्या संगणकात नूव्होच्या आधारावर दोन पडदे चालवते. त्यांपैकी एका पडद्यावर सध्या सुट्यांचे वेळापत्रक असते.