रिकामं उत्तर म्हणजे ‘माहिती नाही’ नव्हे

विकिडेटासारख्या जोडलेल्या माहितीच्या साठ्यात दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासाबद्दल काही शोधणाऱ्यांकडून एक वाक्य मी वारंवार ऐकतो: “फिल्टर लावला, काहीच आलं नाही. म्हणजे माहिती भरलेलीच नाही.” मग तेच वाक्य अहवालात जातं आणि पोर्तुगीज अमलाविरुद्धच्या १९५४ च्या मुक्तिलढ्यासारखा विषय ‘नोंद उपलब्ध नाही’ या शेऱ्याखाली गाडला जातो. याची चीड येते. कारण पुष्कळदा नोंद जागेवर असते, विचारण्यात चूक झालेली असते.

गैरसमज: फिल्टरमधून काही आलं नाही, म्हणजे ते साठ्यात नाही.

वस्तुस्थिती: आधी नावाचंच घ्या. या साठ्यांत मजकुराला भाषेची खूण जोडता येते. मराठीची खूण असलेलं ‘सिल्वासा’ आणि कोणतीच खूण नसलेलं ‘सिल्वासा’ ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी मूल्यं आहेत. पायथॉनमधली आरडीएफलिब ही लायब्ररीसुद्धा त्यांना समान मानत नाही. खूण बाजूला ठेवून नुसता मजकूर ताडून पाहायला स्पार्कल या प्रश्नभाषेत वेगळी सोय आहे, पण ती आपण मागावी लागते.

खुणेचं निस्तरलं तरी लेखन उरतंच. कोणी सिल्वासा लिहितं, कोणी सिलवासा, गुजरातीत सेलवास, पोर्तुगीज अमलात याच गावाला पासो द आर्कोस असंही नाव होतं. ‘दऱ्या’ हा साधा शब्दसुद्धा संगणकावर दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण आतली अक्षरचिन्हं निराळी असल्यामुळे फिल्टर एकाला घेतो आणि दुसऱ्याला सोडतो.

याहून घातक प्रकार आकड्यांचा. २०११ च्या जनगणनेत सिल्वासा शहराची लोकसंख्या ९८,२६५ होती. समजा, कोणी ती अशीच देवनागरी अंकांत, स्वल्पविरामासकट, मजकूर म्हणून भरली. आता ‘५० हजारांहून जास्त’ असा फिल्टर लावा: सिल्वासा येत नाही. ‘५० हजार किंवा कमी’ असा लावा: तरीही येत नाही! मजकुराची संख्येशी तुलना होत नाही, तिथे त्रुटी उद्भवते. आणि फिल्टरची अट खोटी ठरली किंवा तपासताना त्रुटी आली, तर ती ओळ वगळायची, असा स्पार्कल १.१ चा लेखी नियमच आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २१ मार्च २०१३ रोजी प्रसिद्ध केलेल्या शिफारशीत तो वाचायला मिळतो. पडद्यावर ना इशारा, ना तक्रार. ओळ गुपचूप गळते. ज्या गावाचा आकडाच भरलेला नाही, तेही असंच दोन्ही याद्यांतून बाहेर पडतं.

तारखांचंही तेच. सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झालं. ही तारीख ‘तारीख’ या प्रकारात न नोंदवता वाक्यासारखी लिहिली असेल, तर १९५४ ते १९६१ या काळाचा फिल्टर तिला ओळखणार नाही. विकिडेटात एखाद्याचं फक्त जन्मवर्ष माहीत असेल, तर साध्या प्रश्नाच्या उत्तरात ते त्या वर्षाची १ जानेवारी म्हणून दिसतं. नेमक्या तारखेने शोधणाऱ्याला तो माणूस सापडत नाही आणि १ जानेवारीला मात्र जन्मांची गर्दी दिसते.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘लायब्ररीत गाळणी आहे, म्हणजे काहीही विचारता येतं.’ आरडीएफलिब किंवा जावास्क्रिप्टमधली एनथ्री यांची साधी जुळणी कर्ता, गुणधर्म आणि मूल्य तंतोतंत ताडते किंवा ती जागा मोकळी सोडू देते. ‘यापेक्षा मोठं’ किंवा ‘या दोन तारखांमधलं’ हवं असेल, तर स्पार्कल वापरा, नाहीतर सगळं आणून आपल्या कोडमध्ये गाळा.

‘फिल्टर लावला की उत्तर लवकर येतं.’ शब्दाचा तुकडा शोधणारा फिल्टर बहुधा समोरची प्रत्येक ओळ तपासतो. त्यातच विकिडेटाची प्रश्नसेवा ६० सेकंदांनी प्रश्न तोडते.

‘नोंद नसलेले दाखवा, असं विचारलं की जगात नसलेले कळतात.’ फक्त या साठ्यात न लिहिलेले कळतात.

‘आपोआप येणाऱ्या नावावर फिल्टर चालतो.’ विकिडेटाची नावं पुरवणारी सेवा सहसा शेवटी धावते. फिल्टरच्या वेळी ते नाव हातात नसतं.

मग करायचं काय? गावाला नावाने शोधू नका, त्याच्या ओळखक्रमांकाने शोधा. नावं कितीही असोत, क्रमांक एकच राहतो. जोडलेल्या माहितीची खरी ताकद हीच आहे. आधी फिल्टरविना प्रश्न चालवून ओळी मोजा. मग एकेक अट घाला आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजा. ज्या अटीपाशी संख्या अनपेक्षित घसरेल, तिथे गळलेल्या ओळी डोळ्यांनी वाचा.

दादरा-नगर हवेलीसाठी ज्यांनी जीव धोक्यात घातला, त्यांच्या नावापुढे ‘नोंद नाही’ लिहिण्याआधी एवढे कष्ट घेणं आपलं कर्तव्य आहे.