पथारी आणि पावती

भर रस्त्यात अनोळखी माणसाकडून पैसे घेण्याचे दोन सभ्य मार्ग आहेत: एक, त्याच्या हाती मेथीची जुडी ठेवून, आणि दुसरा, गणपतीच्या किंवा अनाथांच्या नावाने फाडलेली पावती ठेवून. पहिल्यास आपण व्यापार म्हणतो, दुसऱ्यास धर्मादाय. दोहोंसही कुणाची तरी अनुमती लागते एवढे आपण ऐकून असतो. परंतु ती कोण देतो, कोणत्या शर्तींवर देतो आणि ती नसल्यास काय होते, याविषयी चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही बहुधा अंधारच असतो. या विषयात थोडे खोल शिरले की एक विपरीत गोष्ट पदोपदी जाणवते: पोटासाठी टोपली घेऊन बसणाऱ्याच्या बाबतीत आपला कारभार जितका हात राखून वागतो, तितकाच तो वर्गणीच्या पुस्तकाच्या बाबतीत सढळ वागत आला आहे.

बाजारात बसण्यासाठी सरकारची अनुमती घ्यावी, ही रीत काही इंग्रजांनी आणलेली नव्हे. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची झाली की सरकारातून कौल दिला जाई, शेटे-महाजनांस वतनाची सनद मिळे आणि बाहेरून येणाऱ्या उदम्यांस काही वर्षे जकात व मोहतर्फा माफ होई. पुढे पेठ नांदती झाली की शेट्याने बाजारकरूच्या मालातून आपल्या हक्काचा मूठभर जिन्नस उचलावा, त्यास शेव-फसकी म्हणत. या व्यवस्थेत जुलूम नव्हताच असे कोण म्हणेल? पण पेठ भरावी ही सरकारचीच निकड असल्याने त्या काळची सनद हे एक प्रकारचे निमंत्रण होते. शहरे दाटत गेली, पदपथ अपुरे पडू लागले, आणि निमंत्रणाचे रूपांतर निर्बंधात झाले.

या निर्बंधाचा मूळ दस्तऐवज मुंबईपुरता १८८८ चा महापालिका कायदा होय. त्यातील कलम ३१३ अ प्रमाणे आयुक्तांच्या परवान्यावाचून सार्वजनिक जागी काहीही विकता येत नाही, आणि त्याच्या शेजारचेच कलम ३१४ असे की, विनापरवाना मांडलेला माल पूर्वसूचना न देता उचलण्याचा अधिकार पालिकेस आहे. दोन्ही कलमे एकत्र वाचली म्हणजे ती न्याय्यच वाटतात: परवाना मागावा, तो मिळावा, आणि न मागणाऱ्यास शासन व्हावे. परंतु १९७८ च्या सुमारास मुंबईत नवे परवाने देणे जवळजवळ बंद झाले; शहर मात्र वाढतच राहिले. म्हणजे ३१४ चा बडगा शाबूत राहिला आणि ३१३ अ चा दरवाजा बंद झाला. अशा वेळी ज्यास परवाना मिळत नाही तो बसायचे थांबत नाही, तो हप्ता देतो. सरकारी खजिन्यात जी रक्कम पावतीनिशी जमा व्हायची, ती बिनपावतीची दुसऱ्याच खिशात जाते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी मुंबईच्या फेरीवाल्यांच्या दाव्यात शहराचे फेरीवाला क्षेत्र आणि ना-फेरीवाला क्षेत्र असे विभाग पाडण्याचे तत्त्व मान्य केले. पुढे १९८९ साली दिल्लीच्या एका खटल्यात पदपथावरील विक्री हा घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे, मात्र त्यावर वाजवी बंधने घालता येतात, असा निर्वाळा मिळाला. न्यायालयापुढे ज्या योजना आल्या त्यांत विक्रेत्यास मीटरभर लांब आणि मीटरभर रुंद एवढी जागा द्यावी, त्याने देवालय, शाळा व रुग्णालय यांच्यापासून १०० मीटर दूर राहावे, अशा शर्ती होत्या. देवळापासून १०० मीटरवर बसून हारवाल्याने हार कुणास विकावे, हा प्रश्न शर्त लिहिणाऱ्यास कसा पडला नाही, याचे नवल वाटते.

खरा पालट २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने झाला, निदान कागदावर तरी. या कायद्याने विक्रेत्यांची गणना दर पाच वर्षांनी करावी, गणना पुरी होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणासही हलवू नये, आणि जागेचा निर्णय एकट्या अधिकाऱ्याने न करता नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने करावा, असे ठरले. त्या समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे, आणि त्यांतील एकतृतीयांश स्त्रिया असायच्या. जेथे पिढ्यान्‌पिढ्या ग्राहक आणि विक्रेते आपोआप जमत आले, त्या नैसर्गिक बाजारासही कायद्याने प्रथमच नाव दिले. प्रमाणपत्रधारक मरण पावला किंवा अपंग झाला, तर उरलेल्या मुदतीपुरते त्याच्या पत्नीस अथवा अवलंबून असलेल्या मुलास बसता येते; मात्र ती जागा दुसऱ्यास भाड्याने देता येत नाही.

या कायद्यातील जप्तीचे कलम जवळून पाहण्याजोगे आहे. माल उचलताना अधिकाऱ्याने जागच्या जागी यादी करून तिची सहीची प्रत विक्रेत्यास द्यावी; मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा. आता प्रत्यक्ष प्रसंग मनात आणावा. ‘गाडी आली’ अशी आरोळी उठते. बाई कोथिंबिरीचे गोणपाट चारी टोकांनी एकवटून गल्लीत शिरते. वजनकाटा, लिंबांची टोपली आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला कढीपत्ता मागे राहतो आणि पालिकेच्या गाडीत पडतो. यादी कोण करणार, आणि कोणत्या वेळी? माल सुटेपर्यंत कढीपत्ता काळा पडतो, आणि दंड भरून लिंबे सोडवण्यापेक्षा नवी घेणे स्वस्त पडते. म्हणूनच पथारीवाल्याने ते कलम पाठ करून त्या यादीचा आग्रह धरावा, असे सांगावेसे वाटते. यादी नसलेल्या जप्तीचा जाब पुढे पुराव्यानिशी विचारता येत नाही.

मुंबईत २०१४ साली या कायद्याखाली सुमारे ९९ हजार अर्ज आले. दहा वर्षांनी समितीच्या निवडणुकीसाठी झालेल्या मतदारयादीत सुमारे ३२ हजार नावे होती. यावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही. पक्क्या दुकानदाराचा मार्ग त्यामानाने सोपा आहे: ज्यास लोक अजून गुमास्ता म्हणतात, ती दुकानाची नोंद २०१७ च्या राज्य कायद्याने इतकी सुलभ केली आहे की, कामगार थोडे असल्यास नुसती सूचना दिली तरी पुरते.

आता वर्गणीकडे वळू. महाराष्ट्रातील सार्वजनिक निधीची परंपरा फार उज्ज्वल आहे. लोकमान्यांनी १८९३ पासून गणेशोत्सवास सार्वजनिक रूप दिले; अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा मागून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावचा काचकारखाना निघाला. पैसा अल्प होता, म्हणून हिशेब मोठा ठेवावा लागला. त्या निधीची पत हिशेबावर उभी होती. आजच्या उत्सवमंडळाच्या हाती येणारी रक्कम पैशापैशाची राहिलेली नाही, हिशेबाचा संकोच मात्र पुष्कळ ठिकाणी वाढला आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क अन्वये, जे मंडळ नोंदणीकृत न्यास नाही, त्याने धार्मिक वा धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसा गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि उत्सव आटोपल्यावर जमाखर्च सादर करावा लागतो. अर्जासोबत सभासदांची ओळखपत्रे, ठराव, स्थानिक नगरसेवकाचे शिफारसपत्र आणि आदल्या वर्षीचा हिशेब जोडायचा असतो. नोंदणीकृत न्यासास ही अट नाही, कारण त्याचा हिशेब दरसाल तपासला जातोच. सामान्य माणसाचा घोटाळा येथेच होतो: मंडपासाठी पालिकेची, ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची आणि वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची अशा तीन निरनिराळ्या परवानग्या असतात, आणि मंडळाच्या भिंतीवर चौकटीत लावलेला मंडपाचा कागद पाहून तो वर्गणीचाच परवाना असे आपण समजतो.

इंग्लंडमध्ये याची वाटणी वेगळी आहे. १९१६ आणि १९३९ च्या कायद्यांप्रमाणे रस्त्यावर डबा फिरवणे किंवा घरोघर निधी मागणे या दोहोंची अनुमती, लंडनचा अपवाद वगळता, प्रायः स्थानिक परिषदेकडेच असते, आणि पदपथावरील विक्रीचा परवानाही तीच देते. एकाच कचेरीच्या दोन खिडक्या असल्यामुळे कुठल्या शनिवारी कुठल्या चौकात कोण डबा घेऊन उभा आहे हे तिला ठाऊक असते, आणि गोळा झालेल्या रकमेचा ताळेबंद तिच्याकडेच येतो. आपल्याकडे रस्ता एकाचा आणि हिशेब दुसऱ्याचा, त्यामुळे दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

तेव्हा ऑगस्टच्या संध्याकाळी पाचसहा तरुण दाराशी येऊन, ‘काका, यंदा वर्गणी एवढी लावली आहे,’ असे सांगतात, त्या वेळी रकमेवरून हुज्जत घालण्यापेक्षा काही गोष्टी शांतपणे पाहाव्यात: पावतीवर मंडळाचे नाव आणि अनुक्रमांक छापलेला आहे काय, स्थळप्रतीवर आपण दिला तोच आकडा लिहिला जातो काय, आणि ४१ क ची परवानगी त्यांच्यापाशी आहे काय. वर्गणी ऐच्छिक असते. लावलेली रक्कम म्हणजे कर नव्हे, आणि ती न दिल्याने पाणी तोडण्याचा अधिकार कुणास प्राप्त होत नाही. सक्ती झाल्यास तक्रार पोलीस ठाण्यात करावी. हिशेबाविषयी शंका असल्यास मुंबईकराने वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात आणि इतरांनी आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या सहायक आयुक्तांकडे लेखी अर्ज द्यावा, व त्यास पावतीची छायाप्रत अवश्य जोडावी.