वादकाची चंची

आपल्याकडील बहुतेक कारागिरांनी आणि कारकुनांनी आपापल्या सरंजामाचा बंदोबस्त फार पूर्वीपासून करून ठेवलेला आहे. न्हाव्याची धोकटी, कुळकर्ण्याचे कलमदान, वैद्याचा बटवा या वस्तू त्या त्या व्यवसायाच्या निशाण्याच होऊन बसल्या. आणि केवळ पान खाणे एवढाच ज्याचा व्यवसाय, त्याच्याही कनवटीला चंची असे, जिच्यात पान, सुपारी, कात आणि तंबाखू यांना स्वतंत्र खण असून चुन्याच्या डबीचा इतर जिनसांस उपसर्ग पोहोचू नये अशी चोख तजवीज केलेली असे. या मालिकेत वादकाचे नाव मात्र कोठेच आढळत नाही. त्याच्या वाद्याला गवसणी असते, कित्येकदा मखमलीच्या अस्तराची पेटीही असते. परंतु ज्यांच्यावाचून ऐन वेळी बैठक अडून पडते, त्या हातोडी, नखी, तारेचे वेटोळे, जवारीचा दोरा, राळ, पावडर, फडके अशा किरकोळ जिनसा आजतागायत सदऱ्याच्या खिशात, रुमालाच्या गाठीत किंवा बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात मुक्काम करून आहेत.

मुकुंदवाडीत ही उणीव विशेष जाणवते. जालना रस्त्यावरचे हे एके काळचे खेडे आता छत्रपती संभाजीनगराच्या हद्दीत पुरते सामावले असले आणि एका अंगास सिडकोची वसाहत, दुसऱ्या अंगास चिकलठाण्याचे कारखाने अशा कात्रीत सापडलेले असले, तरी मराठवाड्याच्या गावोगावाहून रोजगारासाठी येथे आलेल्या कुटुंबांनी आपल्याबरोबर टाळ, मृदंग आणि ढोलकी आणली. त्यामुळे एका गल्लीत हरिनाम सप्ताहाचा हरिपाठ चालू असतो, दुसऱ्या गल्लीत भीमगीतांच्या तालमी, आणि तिसऱ्या गल्लीत शाळकरी मुलगा गिटारचे पिक हरवल्याबद्दल आईची बोलणी खात असतो. वाद्ये निराळी, श्रोते निराळे. हरवणाऱ्या वस्तूंची जात मात्र एकच.

या लहान वस्तूंची महती जाणणारा शास्त्रकार याच परिसरात होऊन गेला. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेला शार्ङ्गदेव, ज्याचे पितामह काश्मीरहून दक्षिणेत आले होते, हा दरबाराच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता. आणि ‘संगीतरत्नाकर’ या त्याच्या सप्ताध्यायी ग्रंथातील वाद्यांचा सहावा अध्याय वाचताना जमाखर्चाची शिस्त पदोपदी प्रत्ययास येते. वीणेचा दांडा, भोपळा आणि तार यांची मापे देऊन तो थांबत नाही. तारेखाली घालावयाच्या बांबूच्या इवल्याशा कपचीचीही, जिला तो ‘जीवा’ म्हणतो, तो रीतसर नोंद घेतो. आज तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली जवारीचा जो सुती दोरा सरकवतात आणि केसभर पुढेमागे करताच स्वर एकदम उमलतो, तो त्याच जीवेचा वंशज मानावयास हरकत नाही. देवगिरीचा, म्हणजेच आजचा दौलताबादचा, किल्ला शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर आहे. तेथे जाणारी मंडळी तोफा पाहून परततात, शार्ङ्गदेवाची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

चर्मवाद्यांच्या मुखावर द्यावयाच्या लेपाची परंपरा तर याहूनही जुनी. भरताच्या नाट्यशास्त्रात नदीकाठच्या मातीचा लेप सांगितला आहे, शार्ङ्गदेवाच्या काळी शिजविलेला भात आणि राख यांचे मिश्रण आले, आणि आपल्या पखवाजाला कणीक लागते. कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी मृदंगवादक यजमानाच्या घरातून मूठभर पीठ मागून घेतो, पाण्याचा हात लावून ते मळतो, डाव्या पुडीच्या मध्यभागी त्याची चकती थापतो आणि त्या बाजूचा, म्हणजे धुमेचा, नाद हवा तसा खोल लागेपर्यंत चिमूट चिमूट काढीत किंवा वाढवीत राहतो. कीर्तन संपताच ती कणीक खरवडून पुडी पुसावी लागते. आळस केला तर ती वाळून कातडे ताणते आणि किड्यामुंगीला आमंत्रण मिळते. खरवडण्याची पट्टी, ओले फडके, कोरडे फडके आणि पिठाची झाकणबंद डबी एवढा ऐवज एका जागी असला, तर यजमानाच्या स्वयंपाकघरात रात्री दहा वाजता डोकावण्याचा संकोचाचा प्रसंग टळतो. 1917 साली विष्णुबुवा जोगांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली, तेव्हापासून तेथून गावोगाव गेलेल्या अनेकांच्या खांद्याला पडशी असते हे खरे. परंतु पडशीला दोनच तोंडे, आणि त्यांत धोतर, पोथी, टाळ आणि ओली कणीक एकत्र सुखाने नांदत नाहीत.

तबलजीची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. पुडीभोवतीच्या गजऱ्यावर वरून ठोका दिला की तबला चढतो, खालून दिला की उतरतो, आणि या दोन्ही कामांची धनीण ती हातोडी. वजनाने भरीव, डोक्याने टणक, आणि पिशवीत मोकळी सुटली तर शेजारच्या वस्तूंचा चुराडा करणारी. म्हणून तिला तळाशी, जाड कापडाच्या म्यानात ठेवावे. मुकुंदवाडीच्या पुढेच चिकलठाण्याचा विमानतळ असल्याने एक सूचना करणे अगत्याचे वाटते: हातोडी हे तपासनिसांच्या दृष्टीने हत्यार आहे, सबब ती जवळच्या पिशवीत न ठेवता विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकावी, नाही तर तिला तेथेच रामराम ठोकावा लागतो.

सतारियाची नखी याउलट इतकी क्षुल्लक की ती गेल्याचे बैठकीवर बसेपर्यंत ध्यानातही येत नाही. वाकविलेल्या पोलादी तारेचा तो तुकडा तर्जनीच्या अग्रावर वर्षानुवर्षे बसून त्या बोटाचा होऊन जातो, आणि दुसऱ्याची उसनी घेतलेली नखी एक तर रुतते नाही तर फिरते. मिरजेस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब आणि त्यांच्या शिकलगार आप्तांनी शस्त्रांची कामे सोडून सतार-तानपुरे घडविण्यास आरंभ केला आणि 2024 साली त्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. तेथून वाद्य आणणाऱ्याने गवसणीबरोबरच दोन जादा नख्या, तारांचा जुडगा आणि सूर बारीक जुळविण्याचे मणीही मागून आणावेत. सनईवाल्यांनी मात्र हा प्रश्न जुन्या काळीच निकालात काढला: जादा पत्त्या आणि पत्तीचे तोंड दुरुस्त करण्याची काडी त्यांनी दोऱ्याने सनईच्या गळ्यातच बांधून टाकली. याहून सुबक व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही.

स्वराचा आधार बरोबर बाळगण्याची सोयही काही आजची नव्हे. इंग्लंडच्या दरबारातील तुतारीवादक जॉन शोर याने 1711 साली नादकाटा केला, आणि 1979 साली बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा सिद्ध केला. आता तेही काम मोबाइल करतो. मात्र त्याची चार्जिंगची वायर तारांच्या वेटोळ्यात गुंतली म्हणजे सोडविताना जो वेळ जातो, तेवढ्यात दोन तानपुरे लावून होतील.

तयार पाकिटे बाजारात मिळतात, पण ती बहुतेक गिटारचा हिशेब धरून केलेली. त्यांत कॅपो आणि ट्यूनर बसतात, तबल्याखालची चुंबळ आणि हातोडी बसत नाहीत. माझ्या मते हे काम आपल्या शिंप्यांचे आहे. ज्या शहराने हिमरू विणून नाव मिळविले, तेथे हिमरूच्या उरलेल्या तुकड्याचे बाह्यांग आणि जाड मांजरपाटाचे अस्तर अशी गुंडाळून बांधावयाची पिशवी सहज शिवता येईल. नियम थोडेच आहेत. पावडर आणि पोलादी तार यांची गाठ पडू देऊ नये. व्हायोलिनची राळ वैशाखाच्या उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत मऊ पडते, म्हणून तिला घट्ट झाकणाची डबी द्यावी आणि ती मोटारीत विसरू नये. नखीसाठी बटणाचा कप्पा असावा, आणि वापरलेल्या तारा परत पिशवीत न ठेवता तिथल्या तिथे टाकून द्याव्यात. गवसणी विकणाऱ्या दुकानदारांनी अशी पिशवी तिच्याच जोडीने विकावयास ठेवली, तर शिकाऊ मुलांच्या आईबापांवर त्यांचे उपकार होतील. तोपर्यंत ज्यांना ती शिवून घ्यावयाची असेल, त्यांनी कागदावरचे माप न देता हातोडी, नखी आणि तारेचे वेटोळे प्रत्यक्ष शिंप्यापुढे नेऊन ठेवावे.