दाब, विकृती आणि अतिसंवाहकता

व्यवहारात ‘दाब’ आणि ‘ताण’ हे शब्द आपण सैलपणे वापरतो. शास्त्रात तशी मोकळीक घेता येत नाही. द्रवात बुडविलेल्या स्फटिकावर सर्व बाजूंनी सारखाच पडतो, तो दाब. विकृती म्हणजे पदार्थाच्या लांबीत वा आकारात घडणारा सापेक्ष बदल. तो एकाच दिशेपुरताही असू शकतो.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे, हे स्ट्रॉन्शियम रुथेनेटावरून दिसते. या पदार्थातील अतिसंवाहकता १९९४ मध्ये आढळली. तिचे क्रांतिक तापमान सुमारे १.५ केल्व्हिन आहे. सर्व बाजूंनी दाब दिल्यास ते उतरते. परंतु एका विशिष्ट अक्षाच्या दिशेने स्फटिक शेकडा एकाहूनही कमी आखूड केला, तर ते सुमारे ३.४ केल्व्हिनपर्यंत चढते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. कारण असे की, समान दाबाने जालकाची चौरस सममिती टिकून राहते. एकदिश विकृतीने ती भंगते आणि इलेक्ट्रॉनांना उपलब्ध असणाऱ्या अवस्थांची घनता वाढते.

तात्पर्य, पदार्थ किती आवळला, एवढेच सांगून भागत नाही. कोणत्या दिशेने, हेही सांगावे लागते. दोन्ही क्रियांना एकच शब्द योजल्यास परिणामांतील विरोध अनाकलनीय वाटेल आणि त्याचे कारण शब्दाआडच दडून राहील.