बहुरूप्याची बोली : ‘द स्कार्लेट क्लॉ’ या रहस्यपटाच्या निमित्ताने

बॅझिल रॅथबोन व नायजेल ब्रूस यांनी होम्स आणि वॉटसन यांच्या भूमिका केलेले चौदा बोलपट १९३९ ते १९४६ या काळात अमेरिकेत निघाले. त्यांपैकी आठवा, रॉय विल्यम नील यांनी दिग्दर्शित केलेला ‘द स्कार्लेट क्लॉ’ (१९४४), भाषेच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा असा आहे.

कथा क्वेबेक प्रांतातील एका कल्पित खेड्यात घडते. दलदलीत चकाकणारी आकृती दिसते, खून पडतात आणि गावकरी त्याचा दोष भुताला देतात. खुनी मात्र एक नट आहे. सूडाने पेटलेला हा मनुष्य टपालवाला म्हणून गावात सुखाने नांदतो व प्रसंगी इतर रूपेही घेतो. ही कथा मूळ कॉनन डॉयल यांच्या एखाद्या गोष्टीचे रूपांतर नव्हे; मात्र ‘बास्करव्हिल्स’च्या शिकारी कुत्र्याची छाया तीवर पडलेली आहे.

येथे प्रश्न उद्भवतो : वेष पालटला, पण वाणीचे काय? फ्रेंचभाषी प्रांतातील गावकरी चित्रपटात इंग्रजी बोलतात. हा संकेत प्रेक्षक मान्य करतो. त्यामुळे बोलीचा पुरावा आपोआपच पडद्याआड जातो. हेच कथानक अमरावती-अकोल्याकडील खेड्यात कल्पिले तर अडचण चटकन ध्यानात येते. परका नट ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘माझा’ऐवजी ‘माहा’ म्हणावयास शिकेल. ‘डोळा’चा ‘डोया’ही करील. शब्द व प्रत्यय उचलणे त्या मानाने सोपे. परंतु ध्वनींची लकब आणि वाक्याचा हेल वर्षानुवर्षे, रागात आणि भीतीतही टिकविणे दुष्कर होय. पारावर बसणाऱ्या वृद्धांना तो बाहेरचा आहे हे होम्सच्या आधी कळले असते.

तथापि या पुराव्याची मर्यादा विसरता कामा नये. बोली मनुष्याची जडणघडण सुचविते. त्याचे कृत्य सिद्ध करीत नाही. बाहेरचा म्हणजे अपराधी नव्हे. शिवाय रहस्यपटात रूपांतर म्हणजे कपट असते. व्यवहारात तसे नसते. आपल्याकडचा बहुरूपी सोंग घेतो ते सर्वांच्या देखत. त्याचप्रमाणे घरी ‘मले’ म्हणणारा अकोल्याचा विद्यार्थी पुण्यात ‘मला’ म्हणतो तेव्हा तो काही लपवीत नसतो; दोन्ही रूपे त्याचीच असतात. त्याच्या ‘मले’ला हसणारा श्रोता मात्र बोलीचा उपयोग पुराव्यासाठी नव्हे, आरोपासाठी करीत असतो.