चूक नवव्या ओळीत, बोट दहाव्यावर

सी भाषा नव्याने शिकणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: कंपायलर दहाव्या ओळीत चूक दाखवतो आणि दहाव्या ओळीत काही चुकलेलंच नसतं. मुलं ती ओळ पुसून पुन्हा टाइप करतात, कंस मोजतात, स्पेलिंग तपासतात. मग कोणीतरी नवव्या ओळीच्या टोकाला सेमिकोलन टाकतं आणि प्रोग्रॅम चालू लागतो.

यात कंपायलरचा मठ्ठपणा नाही. आपल्याला ओळी दिसतात, तो मात्र मजकुराचे तुकडे पाडून (शब्द, आकडे, चिन्हं) ते एकापाठोपाठ एक वाचत जातो. सी भाषेत नवी ओळ म्हणजे बहुतेक ठिकाणी नुसती मोकळी जागा. नवव्या ओळीत एखाद्या व्हेरिएबलला किंमत देऊन तुम्ही थांबलात, तरी दहावी ओळ अधिकच्या चिन्हाने सुरू होऊन तीच बेरीज पुढे नेऊ शकते, आणि ते अगदी नियमात बसतं. त्यामुळे पुढचा तुकडा हाती पडेपर्यंत सेमिकोलन राहिलाय हे त्याला ठरवताच येत नाही. संदेशातला क्रमांक असतो तो वाचन अडलं त्या जागेचा. महिरपी कंस बंद करायचा राहिला, तर ही जागा थेट फाइलच्या शेवटी जाते. हेडर फाइलच्या शेवटी स्ट्रक्चरनंतरचा सेमिकोलन राहिला, तर बोट भलत्याच फाइलकडे दाखवलं जातं. ही मात्र खरोखर छळणारी चूक.

बरं, एका चुकीला डझनभर संदेश का? पंचकार्डांच्या काळात प्रोग्रॅम देऊन उत्तराची तासन्‌तास वाट पाहावी लागे. एका खेपेत जितक्या चुका कळतील तितक्या बऱ्या. म्हणून कंपायलर अडला, की पुढच्या सेमिकोलनपर्यंत किंवा कंसापर्यंतचा मजकूर गाळून पुन्हा वाचायला लागतो. गाळलेल्या भागात एखाद्या व्हेरिएबलची घोषणा असेल, तर पुढे ते नाव अनोळखी ठरतं आणि त्याच्या वापरावर नव्या तक्रारी येतात. जीसीसी हा सी कंपायलर निदान असं नाव एका फंक्शनमध्ये एकदाच कळवतो. तेव्हा पहिला संदेश वाचा, तेवढंच दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा. बाकीचे संदेश बहुधा आपोआप मावळतात.

हल्ली कंपायलरही शहाणे होत आहेत. २०१८ मध्ये आलेला जीसीसी ८ राहिलेल्या सेमिकोलनसाठी आधीच्या ओळीच्या टोकाकडे बोट दाखवतो. पायथनमध्ये कंस उघडा राहिला, की पूर्वी पुढच्या निर्दोष ओळीवर ‘इन्व्हॅलिड सिंटॅक्स’ एवढाच शेरा यायचा. २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून, कोणता कंस बंद झाला नाही हे तो स्पष्ट सांगतो.

सगळ्याच चुका अशा पुढे सरकत नाहीत. तुकडे पाडतानाच खटकणारं चिन्ह जागच्या जागी पकडलं जातं, फक्त संदेश चक्रावून टाकतो. वर्डमधून प्रोग्रॅम चिकटवला, की सरळ अवतरणचिन्हाच्या जागी वळणदार चिन्ह येतं. यूटीएफ-८ मध्ये ते तीन बाइटचं असल्याने जीसीसीच्या जुन्या आवृत्त्या त्या एका चिन्हापायी तीन तक्रारी करत, त्याही ३४२, २००, २३४ अशा अष्टमान आकड्यांत. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर पायथनची तऱ्हा आणखी गमतीची. ‘वय’ हे व्हेरिएबलचं नाव त्याला चालतं, पण त्यापुढे देवनागरीत १८ लिहिलं, की १ वरच हरकत घेतो. तेच १८ अवतरणात घालून आकडा बनवणाऱ्या ‘इंट’ फंक्शनकडे सोपवा, तो बिनतक्रार अठरा मोजतो.